भंडाऱ्याचे गार्नेट आणि काटोलची अशनी

अवकाशातून येऊन पृथ्वीवर पोचलेल्या दगडाला अशनी म्हणतात. आकाशात क्षणभर पेटून दिसते ती उल्का. जळून उरलेला जो भाग जमिनीवर हाताला लागतो, तो अशनी. घटकांवरून अशनींचे तीन मोठे वर्ग पडतात : दगडी, लोखंडी आणि दगड-लोखंड मिश्र. माणसांनी पडताना पाहिलेल्या आणि नंतर सापडलेल्या दर शंभर अशनींमध्ये सुमारे ९४ दगडी निघतात. संग्रहालयात मात्र लोक थबकतात ते लोखंडी अशनींपुढे, कारण त्यांचे वजन आणि चकाकी लगेच नजरेत भरते. दगडी अशनी वरून पाहणाऱ्याला फारसे काही सांगत नाही. ती कापावी लागते, तिचा कागदाहून पातळ छेद काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, तेव्हा ती बोलू लागते.

विदर्भात अलीकडच्या काळात पडलेली आणि नीट अभ्यासली गेलेली दगडी अशनी काटोलची आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोन वाजून गेल्यावर नागपूर-काटोल परिसरात एकामागून एक धडाडते आवाज झाले आणि संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या काटोलच्या आसपास काळ्या सालीचे दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आणि इतर संशोधकांनी मिळून सुमारे १३ किलो दगडांची नोंद केली. तपासणीनंतर त्यांना ‘एल-६’ असा वर्ग मिळाला. एका अक्षराच्या आणि एका अंकाच्या या शिक्क्यामागे दोनशे वर्षांचे काम उभे आहे. त्या कामाचा एक धागा काटोलच्या पूर्वेला, वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या पट्ट्यातून जातो.

दगड आकाशातून पडतात, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले विद्वान मानायला तयार नव्हते. जर्मन पदार्थवैज्ञानिक एर्न्स्ट क्लाडनी यांनी १७९४ साली पुस्तक लिहून असे दगड अवकाशातूनच येतात असे मांडले, तेव्हा त्यांच्या वाट्याला बरीचशी टीकाच आली. पारडे फिरवणाऱ्या पुराव्यांमध्ये एक भारतातला होता. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री बनारसजवळच्या क्राखुत गावाभोवती आकाशातला प्रखर गोळा फुटून दगड पडले. गावकऱ्यांनी ते जमिनीत रुतलेल्या अवस्थेत दाखवले, तिथल्या इंग्रज रहिवाशांनी साक्षी लिहून घेतल्या आणि नमुने लंडनला गेले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी बनारसचे दगड आणि युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले दगड शेजारी ठेवून त्यांचे पृथक्करण केले. १८०२ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष ठेवला : या सर्व दगडांतल्या धातूच्या कणांत लोखंडाबरोबर निकेल आहे. हजारो मैलांच्या अंतरावर, वेगवेगळ्या जमिनींवर पडलेल्या दगडांची घडण एकसारखी असेल, तर त्यांचा उगम त्या जमिनींत असू शकत नाही. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेगल गावावर भरदुपारी सुमारे ३,००० दगड पडले आणि वाद संपला.

हॉवर्ड यांचे सहकारी काउंट द बूर्नों यांनी बनारसचा दगड भिंगाखाली पाहिला, तो क्षण वर्गीकरणाच्या दृष्टीने निकेलच्या शोधाहूनही मोलाचा आहे. दगडाच्या मातकट भरावात त्यांना मोहरीएवढे आणि त्याहून बारीक गोल कण बसवल्यासारखे दिसले. धातूचे ठिपके वेगळे, लोह-गंधकाचे पिवळसर कण वेगळे आणि हे गोळे वेगळे. पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात असे गोळे असे विखुरलेले सापडत नाहीत. पुढे त्यांना कॉन्ड्रूल हे नाव मिळाले आणि ज्या दगडांत ते असतात त्यांना कॉन्ड्राइट. बर्लिनचे गुस्टाव्ह रोझे यांनी १८६३-६४ मध्ये आपल्या संग्रहाची मांडणी करताना ही नावे रूढ केली. दगडी अशनींची पहिली मोठी फाळणी तेव्हापासून आजवर तीच आहे : कॉन्ड्रूल असलेले कॉन्ड्राइट आणि कॉन्ड्रूल नसलेले अकॉन्ड्राइट.

एकोणिसाव्या शतकात भारतात पडलेल्या अशनी कलकत्त्याला जमा होत. आधी एशियाटिक सोसायटीकडे, नंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि इंडियन म्युझियमकडे. तिथून तुकडे लंडनला आणि युरोपातल्या इतर संग्रहांकडे जात आणि त्यांच्या बदल्यात तिकडचे तुकडे येत. अशनीला ती जिथे पडली त्या ठिकाणाचे नाव द्यायचे, हा संकेतही तेव्हापासूनचा. त्यामुळे मराठी मुलखातल्या लहान लहान गावांची नावे जगभरच्या सूचींत कायमची नोंदली गेली आहेत. वऱ्हाडातले चांदकापूर (१८३८), खानदेशात एदलाबादजवळचे मानेगाव (१८४३), नगर जिल्ह्यातले जामखेड (१८६६), धुळे भागातले भागूर (१८७७), सातारा जिल्ह्यातले कळंबी (१८७९), अकोला जिल्ह्यातले अंदुरा (१९३९) ही त्यांतली काही. स्पेलिंगच्या ओढाताणीत जामखेडचे ‘जामखेइर’ झाले आणि सूचीत तसेच राहिले. जॉन कॉगिन ब्राउन यांनी १९१६ साली सर्वेक्षणाच्या संग्रहाची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. भारतात पडलेल्या जुन्या अशनींबद्दल माहिती हवी असेल तर अजूनही तिच्याकडे जावे लागते.

या यादीत मानेगाव वेगळे उठून दिसते. बाकीच्या गावांचे दगड कॉन्ड्राइट आहेत, मानेगावचा अकॉन्ड्राइट. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. हा फिकट, ठिसूळ दगड जवळजवळ पूर्णपणे पायरॉक्सीन या एकाच खनिजाचा बनलेला आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले नेव्हिल स्टोरी-मास्केलाइन यांनी पातळ छेद घेऊन ध्रुवित प्रकाशात अशनी तपासण्याची रीत बसवली आणि १८७०च्या सुमारास त्यांनी अभ्यासलेल्या दगडांमध्ये मानेगावचा दगड होता. पुढे व्हिएन्नाचे गुस्टाव्ह चेर्माक यांनी अशा दगडांच्या गटाला डायोजेनाइट हे नाव दिले. हे दगड व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या खोल कवचातून निघालेले आहेत, असे आज मानले जाते. एकेकाळी व्हेस्टा आतून वितळला, धातू तळाशी गेला, वरचा भाग हळूहळू थिजला आणि नंतरच्या टकरींत त्याचे तुकडे उडाले. ‘डॉन’ हे अमेरिकी यान २०११-१२ मध्ये व्हेस्टाभोवती फिरले, तेव्हा त्याने पाठवलेल्या नोंदी डायोजेनाइटच्या घटकांशी जुळल्या. काटोलवर दगड पडले त्या दिवशी हे यान व्हेस्टाच्याच कक्षेत होते.

कॉन्ड्रूल कसे झाले, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. शेफिल्डचे हेन्री सॉर्बी यांनी १८७७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितले की हे वितळलेल्या खडकाचे थेंब आहेत आणि मोकळ्या जागेत तरंगत असतानाच ते गोठले आहेत. त्यांच्या आतल्या काचेची ठेवण आणि स्फटिकांची रचना पाहता दुसरा अर्थ निघत नव्हता. पण थेंब कशाचे, कुठे आणि कोणत्या उष्णतेने वितळलेले, याला उत्तर नव्हते. निरनिराळे तर्क मांडले जात होते. त्यांपैकी एक तर्क मध्य प्रांतातल्या खाणींचा अभ्यास करणाऱ्या एका भूवैज्ञानिकाकडून आला.

भंडारा जिल्ह्याचा खडक पश्चिम महाराष्ट्राच्या खडकासारखा नाही. काटोल दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूर ओलांडून पूर्वेकडे गेले की बेसाल्ट सरतो आणि त्याखालचा कितीतरी जुना पाया उघडा पडतो : नाइस, शिस्ट, क्वार्ट्झाइट आणि संगमरवर, शंभर कोटी वर्षांचे आणि त्याहूनही जुने. मध्य भारताच्या या जुन्या भूखंडाला काही भूवैज्ञानिक ‘भंडारा क्रेटन’ असेच म्हणतात. जमिनीच्या खोल भागात दाब आणि उष्णता सोसून हे खडक बदललेले आहेत, त्यामुळे दाबाने घडणारी खनिजे इथे मुबलक. लाखनी-साकोली भागातले कायनाइट आणि सिलिमनाइट त्याच दाबाची साक्ष देतात. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी झपाट्याने वाढल्या आणि हा पट्टा जगाच्या पोलाद उद्योगाशी जोडला गेला. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारा रेल्वेमार्ग त्याच उद्योगाची खूण आहे. आज चिखल्याची खाण भूमिगत चालते, डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांना लागते.

लुईस ली फर्मर १९०२ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि या पट्ट्याच्या अभ्यासाला लागले. भारतातल्या मँगनीजवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०९ मध्ये सर्वेक्षणाच्या मेमॉयर्समध्ये प्रसिद्ध झाला. तो बाराशेहून अधिक पानांचा आहे आणि मध्य भारतातल्या मँगनीजच्या कोणत्याही पुढच्या कामाला तो टाळून जाता आले नाही. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या भागांतल्या मँगनीजच्या मूळ खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले. या मुलखातल्या गोंड समाजावरून दिलेले हे नाव आज जगभरच्या खडकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. गोंडाइटमध्ये दोन मुख्य खनिजे असतात : क्वार्ट्झ आणि स्पेसार्टीन. स्पेसार्टीन म्हणजे मँगनीजयुक्त गार्नेट. चिखल्याकडचा ताजा फोडलेला गोंडाइट हातात घेतला तर पांढुरक्या क्वार्ट्झमध्ये पिवळसर-तपकिरी, कधी नारिंगी झाक असलेले गार्नेटचे गोलसर दाणे दाटीने बसलेले दिसतात. हवापाण्याने तो खडक कुजला की दाण्यांवर मँगनीजची काळी पुटे चढतात आणि खाणकामगाराच्या नजरेला ते धन दिसते.

गार्नेट फर्मर यांना या कामात पावलोपावली भेटत होते. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. त्याच घटकांपासून बनणाऱ्या इतर खनिजांपेक्षा गार्नेट कमी जागा व्यापते. त्याचे अणू अधिक घट्ट रचलेले असतात. मग दाब वाढला की निसर्गाचा कल गार्नेटकडे झुकणार आणि दाब उतरला की गार्नेट मोडून हलकी खनिजे होणार. म्हणजे खडकातले गार्नेट हे त्याने सोसलेल्या दाबाचे मापक आहे. या विचारातून त्यांनी १९१२-१३ मध्ये पृथ्वीच्या कवचाखाली गार्नेटने समृद्ध असा एक जड थर असावा असे मांडले. पृथ्वीच्या अंतरंगातल्या दाबानुसार खनिजे बदलत जातात ही कल्पना आज शालेय पुस्तकांतही असते. त्या वेळी ती मांडणे धाडसाचे होते.

याच काळात, १९१२ साली, फर्मर यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अशनींच्या उगमावर एक टिपण लिहिले. त्यांचा तर्क असा होता : एखाद्या फुटलेल्या ग्रहाच्या खोल थरात गार्नेटचे दाणे असतील, ग्रह फुटल्यावर त्यांच्यावरचा दाब एकदम उतरेल, दाणे वितळून थेंब होतील आणि तेच थेंब कॉन्ड्रूल म्हणून दगडात गोठतील. गोल गार्नेट आणि गोल कॉन्ड्रूल यांची सांगड त्यांनी अशी घातली. १९३८ साली कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने प्रसिद्ध केलेल्या गार्नेटवरच्या पुस्तकातही त्यांनी हा विषय सोडला नाही. सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवून ते १९३५ साली निवृत्त झाले होते.

कॉन्ड्रूलबद्दल फर्मर यांचा तर्क टिकला नाही. कॉन्ड्रूल कोणत्याही ग्रहाच्या पोटात जन्मले नाहीत. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, सूर्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या तबकडीत धुळीचे पुंजके क्षणार्धात वितळले, थेंब झाले आणि काही तासांत ते गोठले. तेव्हा ग्रह अजून व्हायचे होते. ही उष्णता नेमकी कशाची, आघाती लाटांची की आणखी कशाची, यावर संशोधकांत आजही एकमत नाही. थेंब धुळीसह एकत्र येत गेले आणि त्यातून लघुग्रह घडले. म्हणून कॉन्ड्राइट हा सूर्यमालेचा मूळ माल आहे. वितळून निवळलेल्या व्हेस्टासारख्या गोळ्यांतून आलेले अकॉन्ड्राइट हा त्यावर प्रक्रिया झालेला माल. असे असले तरी गार्नेट दाबाचे माप सांगते, हा फर्मर यांच्या विचाराचा गाभा खरा ठरला आणि त्याचा पुरावा अशनींतच मिळायचा होता.

दरम्यान वर्गीकरण वेगळ्या वाटेने पुढे सरकले. ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज प्रायर यांनी १९१६ ते १९२० या काळात कॉन्ड्राइटांच्या रासायनिक पृथक्करणात एक नियम शोधला. दगडात धातूरूप लोखंड जितके कमी, तितके त्या धातूत निकेलचे प्रमाण जास्त, आणि तितकेच त्याच्या सिलिकेट खनिजांत लोखंड जास्त. लोखंड धातू म्हणून राहिले की ऑक्सिजनशी जोडले जाऊन खनिजांत शिरले, एवढाच प्रश्न होता. १९५३ साली हॅरॉल्ड यूरी आणि हार्मन क्रेग यांनी जुनी पृथक्करणे गाळून, भरवशाची तेवढी निवडून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली : कॉन्ड्राइटांमध्ये एकूण लोखंडाचेच दोन वेगळे थर आहेत. जास्त लोखंडाच्या दगडांना ‘एच’ आणि कमी लोखंडाच्यांना ‘एल’ ही अक्षरे मिळाली. पुढे लोखंड आणि धातू दोन्ही कमी असलेला ‘एलएल’ गट वेगळा काढला गेला. या तिघांना मिळून साधारण कॉन्ड्राइट म्हणतात. पडणाऱ्या अशनींमध्ये सर्वांत मोठी संख्या यांचीच. जपानच्या ‘हायाबुसा’ यानाने इतोकावा या लघुग्रहावरची धूळ २०१० साली पृथ्वीवर आणली, तेव्हा ती ‘एलएल’ गटाशी जुळली. हे दगड लघुग्रहांवरून येतात याचा तो हातात धरता येईल असा पुरावा होता.

अक्षराच्या पुढचा अंक १९६७ सालचा. रँडल व्हान श्मूस आणि जॉन वुड यांनी दगडाने आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात किती उष्णता सोसली हे सांगणारी श्रेणी बसवली. तीन हा अंक जवळजवळ अस्पर्शित दगडाचा. त्यात कॉन्ड्रूलच्या कडा धारदार असतात, आतली काच शाबूत असते आणि शेजारी शेजारी असलेल्या खनिजकणांचे घटक एकमेकांपासून वेगळे असतात. चार, पाच, सहा असे वर जाताना उष्णतेने सगळे सारखे होत जाते : काच स्फटिकांत बदलते, कण मोठे होतात, कॉन्ड्रूलच्या कडा भरावात विरतात. एक आणि दोन हे अंक उष्णतेऐवजी पाण्याने बदललेल्या दगडांचे. ते मुख्यतः कार्बनी कॉन्ड्राइटांत लागतात. राजस्थानात २०१७ साली पडलेली मुकुंदपुराची अशनी त्यांपैकी. तीन अंकाच्या आतही पुढे दशांश पाडावे लागले. त्या दशांशांच्या अगदी तळाशी, ३.०० या जागी, जगभर ज्या दगडाचे नाव प्रमाण म्हणून घेतले जाते, तो सेमरकोनाचा. तो १९४० साली तेव्हाच्या मध्य प्रांतात पडला, म्हणजे भंडारा ज्या प्रांताचा जिल्हा होता त्याच प्रांतात. एक किलोही न भरणाऱ्या त्या दगडाच्या कणांवर जगभरच्या प्रयोगशाळांनी काम केले आहे. अशा दगडाचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता काटोलचा ‘एल-६’ वाचता येतो. ‘एल’ म्हणजे एकूण लोखंड कमी, धातूचे कण विरळ आणि ऑलिव्हिन या खनिजात लोखंडाचा वाटा मध्यम. प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन किरणाने ऑलिव्हिनच्या एकेका कणातले लोखंड मोजतात. त्याच्या टक्केवारीवरून एच, एल आणि एलएल हे गट स्पष्ट वेगळे होतात. सहा म्हणजे हा दगड आपल्या लघुग्रहाच्या पोटात बऱ्याच खोलवर, ८०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानात दीर्घकाळ भाजला. काटोलच्या तुकड्याची काळी साल एक मिलिमीटरहूनही पातळ. वातावरणातून येताना काही सेकंदांत वितळलेला तो वरचा थर. साल टवकली असेल तिथे आतला दगड फिकट राखाडी दिसतो. कापून घासलेल्या पृष्ठभागावर धातूचे ठिपके चमकतात, कॉन्ड्रूल शोधावे लागतात आणि राखाडी दगडातून केसासारख्या काळ्या रेषा गेलेल्या दिसतात.

खरे वैभव त्या काळ्या रेषांत होते. या रेषा म्हणजे आघाताच्या शिरा. कधीतरी अवकाशात दुसऱ्या लघुग्रहाशी टक्कर झाली, तिची लाट दगडातून गेली आणि काही जागी तो वितळून लगेच गोठला. साधारण कॉन्ड्राइटांना सोसाव्या लागलेल्या आघाताची वेगळी श्रेणी १९९१ पासून लावली जाते. काटोलच्या शिरा आयआयटी खरगपूरचे सुजॉय घोष आणि त्यांच्या भारतीय, जपानी व युरोपीय सहकाऱ्यांनी तपासल्या. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडले होते. पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेले खनिज ते हेच. पण ते ६६० किलोमीटरहून खोल, प्रावरणाच्या खालच्या भागात असते आणि तिथून माणसाच्या हाती लागत नाही. दाब उतरला की ते मोडते. काटोलमध्ये ते टिकले, कारण वितळलेला द्रव फार झपाट्याने गोठला. त्यातले लोखंड आणि ॲल्युमिनियमचे प्रमाण प्रयोगशाळेत उच्च दाबाखाली तयार केलेल्या ब्रिजमनाइटशी जवळून जुळते. याआधी अशनींत सापडलेले ब्रिजमनाइट तसे जुळत नव्हते. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे ते २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन-अडीच लाख पटींवर, थेट वितळलेल्या द्रवातून तयार झाले.

या ब्रिजमनाइटच्या सोबत तिथे मेजराइट आहे. मेजराइट म्हणजे प्रचंड दाबाखाली तयार होणारे गार्नेट. ते निसर्गात प्रथम १९७० साली एका ऑस्ट्रेलियन अशनीत ओळखले गेले. अशनीतले गार्नेट तिने सोसलेल्या दाबाचे माप देते, हे त्यानंतर जगातल्या अनेक अशनींत दिसले आणि काटोलमध्येही दिसले. गोंडाइटच्या मुलखात हिंडून गार्नेटला मापक ठरवणाऱ्या फर्मर यांचे म्हणणे त्यांच्या टिपणानंतर शंभर वर्षांनी, त्याच मुलखाच्या पश्चिम कडेवर पडलेल्या दगडात पुन्हा खरे उतरले. कॉन्ड्रूलच्या बाबतीत ते चुकले, पण त्यांनी धरलेली दिशा फुकट गेली नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे बऱ्याचदा घडते. अशा अर्ध्या बरोबर ठरलेल्या माणसांची नोंद आपल्याकडे अधिक आस्थेने व्हायला हवी.

भंडाऱ्यात अशनी ओळखण्याचा व्यवहारी प्रश्नही या खडकांशीच बांधलेला आहे. शेताच्या धुऱ्यावर काळा, जड, एकटाच पडलेला दगड दिसला की तो आकाशातून पडल्याची शंका येते. काटोलकडे अशी शंका बेसाल्टमुळे येते, तुमसरकडे मँगनीजमुळे. मँगनीजचे खनिज दगडी अशनीपेक्षाही जड असते. अशनीची घनता साडेतीनच्या आसपास, मँगनीजच्या चांगल्या खनिजाची साडेचार-पावणेपाचपर्यंत. नुसत्या वजनावर विसंबून राहिले तर मँगनीजचाच तुकडा अशनी म्हणून डब्यात जातो. फरक ओळखायला सोपे उपाय आहेत. चिनी मातीच्या फरशीच्या खडबडीत, चकाकी नसलेल्या पाठीवर दगड घासावा. मँगनीज काळी किंवा गडद तपकिरी रेघ ओढते, लोहखनिज लालसर, अशनी बहुधा ओढतच नाही. लोहचुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेला तर साधारण कॉन्ड्राइट त्याला खेचतो, मँगनीज सहसा नाही. दगड फुटलेल्या जागी पांढरे क्वार्ट्झ दिसले किंवा आत बुडबुड्यांची छिद्रे असली तर तो अशनी नाही. छिद्रे असलेली काळी वस्तू बहुधा लोखंड गाळताना उरलेला मळ असतो. विदर्भात लोखंड गाळण्याची परंपरा अश्मवर्तुळांच्या काळाइतकी जुनी आहे आणि नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला त्या काळातली भट्टीच सापडली आहे. शेवटचा निवाडा प्रयोगशाळेचा : धातूच्या कणात निकेल आहे का, हा हॉवर्ड यांचा १८०२ सालचा प्रश्न आजही पहिला विचारला जातो.

आकाशातून पडलेली प्रत्येक वस्तू अशनी नसते, हेही पूर्व विदर्भाने अनुभवले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळत जाणारे तुकडे लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडलेली सापडली. आसपास धातूचे गोलही मिळाले. ते एका चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे अंतराळ-निरीक्षकांचे म्हणणे आहे. अशा तुकड्याला काळी पातळ साल नसते, जोडाच्या आणि यंत्रकामाच्या खुणा असतात. त्याची नोंदही तितकीच महत्त्वाची, पण तो दगडी अशनींच्या इतिहासाचा भाग नाही.

अशनी खराब व्हायला एक पावसाळा पुरतो. तिच्यातले लोखंडाचे कण गंजतात, गंज शिरांमधून पसरतो, खनिजे बदलतात आणि दगड पृथ्वीचा होऊन जातो. काटोलचे दगड मे महिन्यात, कोरड्या जमिनीवर पडले आणि लवकर उचलले गेले, म्हणून इतका नाजूक अभ्यास होऊ शकला. भारतात अशनींची नोंद आणि जतन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्याचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपूरला आहे. भंडारा, तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या शिवारात आवाजापाठोपाठ ताजा काळा दगड पडलेला दिसला, तर त्याच्यावर वर सांगितलेल्या चाचण्या करू नयेत; तो धुऊ नये, फोडू नये, त्याला चुंबक लावू नये. चुंबक लागला की दगडात जपलेली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. जागेचा फोटो काढावा, वेळ लिहून ठेवावी, दगड स्वच्छ कोऱ्या कागदात किंवा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरडा ठेवावा आणि तलाठ्यामार्फत किंवा थेट नागपूरच्या कार्यालयाला कळवावे.